भाता कोण मारणार?

उद्या ३ डिसेंबर. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ पासून हा दिवस अपंग व्यक्तींचा म्हणून ठरवला आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, सगळीकडे कार्यक्रम होतील. तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रं यांचं वाटप होईल, भाषणं होतील. बहुतेक ठिकाणी सुरुवात गाण्याने होईल. स्वागतगीताला अंध मुलं उभी राहतील. त्यांच्यातलंच एक पेटीवर असेल, एक तबल्यावर. टाळ्या मनापासून पडतील, आणि त्या पडायलाच हव्यात. पण त्याच मंडपात पुढच्या रांगेत चाकांच्या खुर्च्या लावलेल्या असतात. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्यांची बोटं हवी तिथे पडत नाहीत, ज्यांचे हात स्नायूंच्या आजाराने दिवसेंदिवस जड होत चालले आहेत, अशी मुलं तिथे बसलेली असतात. ती ऐकायला आलेली असतात. वाजवायला त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. बोलावलं तरी हातात काय द्यायचं, हा प्रश्न असतो.

आजचं लिहिणं त्या मुलांसाठी आहे.

आपल्या मुलखाने अंधांना गाणं दिलं, ही साधी गोष्ट नाही. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचं नाव इकडच्या प्रत्येक संगीतप्रेमी घराला ठाऊक आहे. पंचाक्षरी गवई स्वतः अंध. १८९२ चा त्यांचा जन्म. त्यांनी अंध आणि अनाथ मुलांना जवळ केलं, नाटक मंडळी चालवून त्यांना खाऊ घातलं आणि गाणं शिकवलं. बसवराज राजगुरूंसारखा गवई त्यांच्या तालमीत तयार झाला. त्यांच्या मागे ती गादी पुट्टराज गवयांनी सांभाळली. तेही लहानपणीच दृष्टी गेलेले, आणि अनेक वाद्यांवर हात असलेले. २०१० साली त्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले. आमच्या उत्तरेला कुरुंदवाडात त्याहून आधीची गोष्ट आहे. १८७२ साली तिथे जन्मलेल्या विष्णू नावाच्या मुलाच्या डोळ्यांना दारूकामात इजा झाली. शाळा सुटली आणि त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे पंडित विष्णू दिगंबर पलुसकर ते हेच.

या उदाहरणांचा अभिमान धरताना एक गोष्ट नजरेआड होते. डोळे गेले तरी गळा आणि हात शाबूत होते, म्हणून हे घडू शकलं. पेटी, तबला, सारंगी, व्हायोलिन यांत काहीच बदलावं लागलं नाही. गुरूने फक्त शिकवण्याची रीत बदलली, कागद बाजूला ठेवून कानाने शिकवलं, बोटांना धरून शिकवलं. ज्यांचा गळा किंवा हात साथ देत नाही त्यांच्यासाठी रीत बदलून भागत नाही, वाद्यच बदलावं लागतं. ते काम आपण केलेलं नाही. अंधाला गाणं आणि बाकीच्यांना श्रोत्याची जागा, अशी वाटणी आपल्याकडे नकळत होऊन बसली आहे.

एकादशीच्या रात्री सीमाभागातल्या कुठल्याही गावच्या देवळात बसून पाहावं. पखवाज एकाकडे, पेटी एकाकडे, बाकी सगळ्यांच्या हाती टाळ. भजनाला श्रोता असा नसतो. टाळ हातात आला की माणूस भजनातला झाला. पण टाळाला दोन हात लागतात. कडबाकुट्टीत हात गेलेला शेतकरी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात पॉवरप्रेसखाली बोटं गमावलेला कामगार, पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेले आजोबा त्या रात्री भिंतीला टेकून बसतात. मान डोलत असते. वर्षानुवर्षं ज्या अभंगाला त्यांनी टाळ धरला तो समोर चालू असतो आणि ते त्याच्या बाहेर असतात. चिपळ्या एका हाताने वाजतात आणि घुंगरू तर मनगटाला, दंडाला, पायाला, कुठेही बांधता येतात, हे आपल्या परंपरेचं मोठेपण. तरीही गावात भिंतीशी बसलेल्या आजोबांच्या हाती कुणी आपणहून चिपळ्या ठेवताना क्वचितच दिसतं.

प्रत्येक वाद्याच्या पोटात एक शरीर गृहीत धरलेलं असतं. पेटीचंच घ्या, कारण बेळगावइतका पेटीशी जिव्हाळा फार थोड्या गावांचा असेल. पंडित रामभाऊ विजापुरे यांचा जन्म १९१७ साली कागवाडचा. पुढे बेळगावात बसून त्यांनी पिढ्यान्‌ पिढ्या विद्यार्थी घडवले. पुट्टराज गवयांच्या पाठोपाठ, दोनच महिन्यांनी, तेही गेले. त्यांच्या शिष्यांनी पेटीला साथीच्या जागेवरून एकल वादनाच्या बैठकीवर नेलं. पण ही पेटी मूळची आपली नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबॅन यांनी १८४० साली तिचं पेटंट घेतलं, तेव्हा ती खुर्चीवर बसून पायांनी भाता मारत वाजवायची होती. आपण मांडी घालून बसणारी माणसं. मांडीखालचे पाय भाता कसा मारणार? म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास भाता मागे आणला आणि तो हाताने मारायची सोय केली. आपल्या बसण्याच्या सवयीसाठी एक आख्खं वाद्य नव्याने बांधलं गेलं. त्या बदलाने एक हात मात्र कायमचा भात्यात गुंतला. ज्याला एकच हात आहे त्याच्यासाठी पेटी त्या दिवशी बंद झाली. संगीत नाटकातल्या साथीदारांची पायपेटी त्याला चालली असती, पण पायांत बळ नसलेल्याला तीही नाही.

बसण्याच्या सवयीसाठी जे वाद्य बदलता आलं, ते ज्याला बसताच येत नाही त्याच्यासाठी का बदलू नये? आजच्या घडीला ते पूर्वीपेक्षा कितीतरी सोपं झालं आहे. जुन्या वाद्यात जी शक्ती सूर काढते तीच तो नियंत्रितही करते. तार छेडायची तर बोटाला जोर हवा, बासरी फुंकायची तर श्वास हवा आणि भोकं झाकायला सहा बोटंही हवीत. विजेवर चालणाऱ्या डिजिटल वाद्यात ही दोन कामं सुटी होतात. आवाज यंत्र काढतं. माणसाने फक्त कोणता सूर, केव्हा, किती जोरात हे सांगायचं. ते बोटाने सांगा, कोपराने सांगा, भुवईने सांगा. १९८३ साली जगभरच्या कंपन्यांनी मिडी नावाची एक समान सांकेतिक भाषा मान्य केली. त्यामुळे कळ एका कंपनीची आणि आवाज दुसऱ्या कंपनीचा, असं बेलाशक जोडता येतं. हाच तो दरवाजा, ज्यातून गेल्या चाळीस वर्षांत बरीच माणसं आत आली.

ब्रिटनमध्ये एडवर्ड विल्यम्स या संगीतकाराने १९८० च्या दशकाच्या अखेरीस साउंडबीम बनवलं. वटवाघळाप्रमाणे ते ध्वनिलहरी सोडतं आणि समोरचं शरीर किती दूर आहे यावरून सूर ठरवतं. मान नुसती पुढेमागे झाली तरी स्वर चढतो-उतरतो. अमेरिकेत पॉलीन ऑलिव्हेरोस यांच्या पुढाकाराने २००७ पासून ऑमी हे मोफत सॉफ्टवेअर घडत गेलं. संगणकाचा साधा कॅमेरा नाकाच्या शेंड्यावर किंवा अंगठ्यावर, जे हलतं त्याच्यावर, लक्ष ठेवतो आणि त्या हालचालीचं वाद्य करतो. बार्सिलोनात झकारियास वामवाकूसिस यांनी आयहार्प तयार केलं. ते नजरेने वाजतं. पडद्यावर सूर वर्तुळात मांडलेले, मधली जागा रिकामी. हे रिकामं मध्य मला फार अर्थपूर्ण वाटतं. डोळा सतत कुठेतरी पाहतच असतो. प्रत्येक नजरेला सूर फुटला तर गोंधळ होईल. म्हणून डोळ्याला विसावायला जागा ठेवली आहे. तबलजीच्या हाताला खाली विसावा असतो, तसाच तो नजरेचा विसावा. एमा फ्रिड या संशोधिकेने २०१९ साली अशा वाद्यांचा आढावा घेतला तेव्हा तिच्या यादीत ८३ वाद्यं होती.

त्याच्या आधीच्या वर्षी लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात बोर्नमथ सिम्फनी ऑर्केस्ट्राचा रिसाउंड हा अपंग व्यावसायिक वादकांचा वृंद वाजला. संचालक जेम्स रोझ यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांनी डोक्याला लावलेल्या छडीने वाद्यवृंद चालवला. कौतुक म्हणून दिलेला कार्यक्रम तो नव्हता. तिकीट काढून आलेल्या रसिकांसमोरचं ते काम होतं. आपल्या भाषेच्या मुलखातही वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी उभा केलेला 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद आहे. अंध, कर्णबधिर, कुष्ठरोगातून बरे झालेले, हातापायांनी अधू असे कलावंत त्यात एकत्र रंगमंचावर येतात. त्यामुळे लोक पाहायला येतील का, हा प्रश्न मराठी माणसाने तरी विचारू नये.

एक आक्षेप ठरलेला आहे: हे खरं वाद्य नव्हे, बटण दाबलं आणि सूर वाजला यात कला कसली? हा आक्षेप पेटीने पुरेपूर भोगला आहे. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. तिच्यात सूर न तोडता पुढच्या सुरावर नेणारी मींड नाही, तिचे सूर परक्या मापाने कापलेले, ती आपल्या गाण्याला बिघडवते, असं म्हणणारे साधेसुधे लोक नव्हते, जाणकार होते. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. तरी पेटी राहिली, कारण माणसांनी तिच्यावर आयुष्यं वेचली. याच भागातल्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी शंभर वर्षांपूर्वी क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने बावीस श्रुतींची पेटी घडवायचा ध्यास घेतला होता. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हाही नाकं मुरडली गेली. बंगळुरूचे जी. राज नारायण हे बासरीवादक आणि विमान कारखान्यातले अभियंता. त्यांनी १९७९ पासून रॅडेल या नावाने ही यंत्रं बाजारात आणली. आज सकाळच्या रियाजाला तानपुऱ्याचं यंत्र किंवा मोबाइलमधला तानपुरा नसलेलं घर दाखवा.

आक्षेपाची एक बाजू मात्र मी मनावर घेतो, आणि इथे वाद्यं बनवणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. अपंगांसाठी म्हणून जी साधनं बनतात त्यांतली बरीच चूक होऊच देत नाहीत. कुठेही हात मारा, गोडच वाजतं. भूप निवडला की सा रे ग प ध एवढेच पाच स्वर हाताशी. मध्यम आणि निषाद कुलपात. पहिल्या दिवशी हे वरदान आहे. ज्या मुलाने आयुष्यात कधी आवाज निर्माण केला नाही त्याला पहिल्याच तासाला सूर सापडतो, त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहिलेला कुणीही ते विसरणार नाही. पण सहाव्या महिन्यातही कुलूप तसंच असेल तर ते वाद्य राहत नाही, खुळखुळा होतो. जिथे चुकता येत नाही तिथे रियाज करता येत नाही. आपण धडधाकट मुलांना पेटीवर कोमल-तीव्राच्या चुका करू देतो, दटावतो, पुन्हा घ्यायला लावतो, कारण ती शिकतील यावर आपला विश्वास असतो. तोच विश्वास चाकाच्या खुर्चीतल्या मुलीवर दाखवायचा तर तिच्या वाद्यातलं कुलूप हळूहळू उघडत गेलं पाहिजे: आधी पाच स्वर, मग सात, मग बारा, आणि बाराच्या पुढे जे आहे तेही.

बाराच्या पुढचा प्रश्न आपला स्वतःचा आहे, तो परदेशातून आयात होऊन सुटणार नाही. तिकडची बहुतेक साधनं त्यांच्या संगीतासाठी आहेत. एका बटणावर तीन-चार सुरांचा गुच्छ वाजतो, दुसऱ्यावर दुसरा, आणि गाण्याला साथ होते. आपल्या भजनाला, बंदिशीला तो गुच्छ नको. आपल्याला हवा आहे खाली अखंड षड्ज, वर एकच सूर, आणि त्या सुराला शेजारच्या सुरापर्यंत न तुटता जाता येणं. मिडीत स्वर वाकवण्याची सोय पहिल्यापासून आहे, १६,३८४ पायऱ्यांची. मींडीला त्या पुरून उरतात. अडचण आहे ती पायऱ्यांची नाही, त्या पायऱ्या कोणत्या हालचालीला बांधायच्या याची. ज्या मुलाची मान डावीकडे सहज वळते आणि उजवीकडे अडते, त्याची मींड डावीकडून जायला हवी. हाताला कंप असलेल्याची कळ एकदा दाबली की पुढची थोडी मिलिसेकंदं दुसरा दाब मोजायचाच नाही, एवढी सूचना यंत्राला दिली तर थरथरणारा हात स्वच्छ वाजवतो. हे शोधायला त्या मुलाशेजारी बसावं लागतं. अभियंत्याने, संगीतशिक्षकाने आणि आईने एकत्र बसावं लागतं. आईला सगळ्यात आधी कळतं की बाळाच्या ताब्यात कोणती हालचाल आहे.

लयीचं दुखणं वेगळं. स्पर्श झाल्यापासून आवाज निघेपर्यंत दहा मिलिसेकंदांच्या वर वेळ गेला की वाजवणाऱ्याला खटकू लागतं. मोबाइलला ब्लूटूथचा स्पीकर जोडला तर हा उशीर सहज शंभर-दीडशेवर जातो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे मुलाने बरोबर समेवर हात मारला तरी ठोका ऐकू येतो अर्ध्या मात्रेनंतर. मग शिक्षक म्हणतात, याला लय नाही. लय असते; ती त्या स्पीकरमध्ये अडकलेली असते. तारेचा साधा स्पीकर लावा. शाळांनी उद्यापासून करण्यासारखी ही गोष्ट आहे आणि तिला फारसा खर्च नाही.

कर्णबधिरांना या चर्चेत आपण आपसूकच वगळतो. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी लहानपणापासून ऐकण्याची शक्ती गमावत गेल्या, तरी जगातल्या अग्रगण्य तालवादकांत त्यांचं नाव आहे. त्या अनवाणी वाजवतात, कंप पायांतून घेतात. आमच्याकडे हलगीचा कडकडाट छातीत उमटतो हे मिरवणुकीत नाचलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मिरजेच्या तानपुऱ्याचा भोपळा छातीशी धरला तर षड्ज कानाआधी बरगड्यांना कळतो. लाकडी फळीखाली एक कंप देणारा स्पीकर बसवला की तो अनुभव वर्गभर मुलांना एकदम देता येतो.

आता ही वाद्यं करायची कुणी? मला वाटतं, आपणच. शिवाय आपल्याला हे जितकं जवळ आहे तितकं क्वचितच कुणाला असेल. मिरजेत दीडशे वर्षांहून जास्त काळ तंतुवाद्यं घडतात. मूळचे शस्त्रं बनवणारे शिकलगार कारागीर सतार-तानपुऱ्याकडे वळले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तलवारीकडून तारेकडे आलेल्या हातांना तारेकडून तांब्याच्या पट्टीकडे येणं जड जाणार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम पिढीजात चालत आलं आहे. बेळगाव–निपाणी रस्त्यावर हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तयार होतात. केसाच्या जाडीची चूक न चालणारं ते काम. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे, आणि दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. स्पर्श ओळखणारी एक चिमुकली चिप मिळते, काही शे रुपयांत. एमपीआर १२१ तिचं नाव. तिला बारा टोकं असतात. एका सप्तकाचे स्वर बारा. हा योगायोग आमच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या नजरेला पडण्याची वाट पाहतो आहे. तांब्याच्या बारा रुंद पट्ट्या, मिरजेच्या सुताराने केलेली तिरपी पाटी, मुलाच्या हाताच्या उंचीला येईल अशी, आणि भात्याच्या जागी तोंडाजवळ एक नळी. फुंकर जोराची तर सूर मोठा, मंद तर लहान. भाता म्हणजे पेटीचा श्वासच. तो वाजवणाऱ्याच्या श्वासाला जोडला की एका हाताचा माणूस पेटी वाजवेल.

जयपूर फूट हा कृत्रिम पाय असाच जन्मला. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि मास्टर रामचंद्र शर्मा हे कारागीर यांनी मिळून तो घडवला. परदेशी पाय होते, पण त्यांनी मांडी घालता येत नव्हती, शेतात चालता येत नव्हतं. डॉक्टरांना शरीर कळत होतं, कारागिराला रबर. दोघांपैकी एकट्याने ते झालं नसतं.

उद्यमबागेतल्या त्या बोटं गमावलेल्या कामगारावरून एक आठवण इथे सांगितली पाहिजे. १९६५ साली इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा गिटारवादक, म्हणजे तारा दाबणारी बोटं तीच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, तारा हलक्या आणि सैल केल्या. त्यातून जो खर्जातला जाड आवाज निघाला त्याने पाश्चात्त्य रॉक संगीताचा एक नवा प्रवाहच सुरू झाला. शरीराला सोयीचं म्हणून केलेला बदल संगीताचाच झाला. उद्यमबागेत बोटं गमावलेल्या कुणी अशा टोप्या केल्या असतील का, हे विचारायलाही आपण कधी गेलो नाही.

कायदा आपल्या बाजूला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वं मानतो, आणि त्याचं २९ वं कलम संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे. कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम अपंगांना सहभागी होता येईल असे नव्याने आखणं आणि त्यासाठी साधनं विकसित करणं ही सरकारची जबाबदारी असल्याचं तिथे लिहिलं आहे. भात, औषध, पेन्शन यांच्या रांगेत संगीत मागे पडतं हे मला कळतं. पण ज्याला दिवसाचे चौदा तास एका खोलीत काढायचे आहेत त्याला स्वतःच्या हालचालीतून काही घडवता येणं ही चैन नाही.

याच महिन्यात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. बेळगाव जिल्ह्यातल्या आमदारांनी, ते मराठी बोलत असोत की कन्नड, या कलमाखाली जिल्ह्यात काय झालं हे सभागृहात विचारावं आणि एका छोट्या कार्यशाळेसाठी निधी मागावा. सीमाभागातल्या अपंगांची ओढाताण दुहेरी असते. निपाणीच्या मुलीचं कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. उपचार बऱ्याचदा कोल्हापुरात. प्रमाणपत्र आणि पेन्शन मात्र बेळगावहून. नसीमा हुरजुक यांनी १९८४ साली कोल्हापुरात उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था तासाभराच्या वाटेवर आहे, पण महाराष्ट्र सरकारची योजना कोगनोळीचा नाका ओलांडत नाही. तिकडच्या कागदावर 'दिव्यांग', इकडच्या कागदावर 'विकलचेतन'. वाद्याच्या पाटीवर मात्र दोन्हीकडे सा रे ग म च असणार. त्यामुळे ती पाटी देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत लिहावी, ब्रेलमध्ये लिहावी, आणि इंग्रजी पडद्याला घाबरून मागे राहणाऱ्या शिक्षकांना पुढे आणावं.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा या भागात घरोघर दिल्या जातात. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची ती शिडी आहे, आणि ती पलुसकरांच्या, म्हणजे दृष्टीला इजा झालेल्या मुलाच्या, नावाने उभी आहे. नजरेने, फुंकरीने किंवा मानेने वाजणारं वाद्य घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या शिडीवर हक्काची, लिखित जागा असावी. परीक्षक त्याचा यमन तेवढ्याच कडकपणे ऐकणारे असावेत. गुण दयेने मिळू नयेत.

आणि संमेलनं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, हिवाळ्यात आमच्या गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात, गावच्या पैशावर आणि गावच्या घामावर. ग्रंथदिंडीत टाळ, लेझीम, झांजपथक असतं. या हिवाळ्यात दिंडीत एक चाकाची खुर्ची असावी आणि तिच्या हातावर तांब्याच्या पट्ट्यांची पाटी. व्यासपीठाला पायऱ्यांबरोबर उतार असावा. चार फळ्या आणि अर्ध्या दिवसाचं सुतारकाम, एवढाच त्याचा खर्च आहे. उद्घाटनाच्या सत्रात त्या खुर्चीतल्या मुलीला पाच मिनिटं द्यावीत आणि सूत्रसंचालकाने तिच्या आजाराचं नाव न सांगता रागाचं नाव सांगावं.

तोवर एखाद्या शाळेतल्या पेटीच्या तासाला सुरुवात करता येईल. एक जुना लॅपटॉप, त्यावर मोफत मिळणारं ऑमी, तारेचा स्पीकर, मागे तानपुरा. मुलीची मान डावीकडे वळते, सा लागतो. थोडी पुढे येते, रे. गंधार चुकतो, खाली पडतो. वर्ग थांबतो. शिक्षक पेटीवर गंधार दाबून धरतात आणि म्हणतात, पुन्हा घे.